दृष्टी आली म्हणजे दिसू लागतं का?

१. पट्टी सुटते तेव्हा

चित्रपटांतला हा प्रसंग आपल्या चांगला ओळखीचा आहे. जन्मांध नायिकेवर शस्त्रक्रिया होते, डॉक्टर डोळ्यांवरची पट्टी सोडतात, ती सावकाश पापण्या उघडते आणि समोर उभ्या असलेल्या आईला पाहून तिच्या गळ्यात पडते. प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. पण घरी परतताना एखादं चौकस पोर विचारतंच, "तिनं आईला आधी कधी पाहिलंच नव्हतं, मग ओळखलं कसं?"

हा प्रश्न अगदी योग्य आहे. आईचा आवाज, हाताचा स्पर्श, साडीचा वास हे सारं तिला पाठ असेल. चेहरा मात्र तिच्यासाठी सर्वस्वी नवा आहे. डोळ्यांत उजेड शिरणं आणि त्या उजेडातून 'ही आई', 'हे दार', 'ही पायरी' असा अर्थ लागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली डोळ्यांत घडते, दुसरी मेंदूत. डोळसांच्या बाबतीत हे सगळं इतक्या झटपट होतं की मधली पायरी आपल्या ध्यानातही येत नाही.

ती पायरी केवढी उंच आहे हे समजायला एक छोटं उदाहरण घेऊ. डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल असतं. त्याच्यावरच्या पेशी आपापल्या जागी किती उजेड पडला एवढंच कळवतात. समजा, एका ओळीतल्या सात जागांवरून असे आकडे आले : २१०, २०५, ६०, ५८, ६२, २०४, २०८. मोठा आकडा म्हणजे जास्त उजेड. मधल्या तीन जागांवर अंधार आहे हे उघड आहे. पण तो कशाचा? भिंतीवर पडलेल्या फांदीच्या सावलीचा, पांढऱ्या गायीच्या अंगावरच्या काळ्या ठिपक्याचा, की दोन पांढऱ्या खांबांमधल्या फटीचा? आकड्यांत याचं उत्तर नाही. ते पाहणाऱ्याला शोधावं लागतं.

संगणकाला पाहायला शिकवायला निघालेल्या संशोधकांची गाडी याच ठिकाणी अडली. १९६६ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटीमध्ये सिमोर पॅपर्ट यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता एक प्रकल्प आखला. चित्रातल्या वस्तू कुठल्या आणि त्यांच्या मागची पार्श्वभूमी कुठली, हे यंत्राला वेगळं करता यावं आणि त्या वस्तू ओळखताही याव्यात, असा बेत होता. एका उन्हाळ्याच्या त्या कामाला पुढे काही दशकं लागली. दोन वर्षांचं मूल सहज करतं ते यंत्राला इतकं अवघड का जावं? याचा शोध घेताना काही शास्त्रज्ञ पुन्हा मुलांकडेच वळले.

२. तीनशे वर्षांपूर्वीचं पत्र

या शोधाचं मूळ आयर्लंडमध्ये आहे. विल्यम मॉलिन्यू या विद्वानाने १६८८ साली इंग्लंडचे तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक कोडं लिहून पाठवलं. मॉलिन्यू यांच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती, त्यामुळे हा विषय त्यांच्या घरातलाच होता.

कोडं असं : एक जन्मांध माणूस हाताने चाचपून घन आणि गोल यांतला फरक ओळखू शकतो. एके दिवशी त्याला दृष्टी मिळाली. टेबलावर तोच घन आणि तोच गोल ठेवला आहे. हात न लावता, फक्त पाहून, कुठला कोणता हे त्याला सांगता येईल का?

मॉलिन्यू यांचं म्हणणं, नाही येणार. लॉक यांनाही ते पटलं आणि १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी हा प्रश्न घातला. पुढची तीन शतकं युरोपातले तत्त्वज्ञ यावर वाद घालत राहिले. माणसाच्या मनात आकारांच्या कल्पना जन्मतःच असतात, असं मानणाऱ्यांचं उत्तर 'हो' होतं. सगळं ज्ञान अनुभवातून येतं, असं मानणारे 'नाही' म्हणत.

प्रयोग करून पाहावा, तर तशी माणसं मिळणं मुश्कील होतं. मूल दृष्टिहीन जन्मलं आणि दोष बरा होण्याजोगा असला, तर श्रीमंत देशांत पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांतच शस्त्रक्रिया होते. त्या वयाचं बाळ प्रश्नांना काय उत्तर देणार? स्वतः उत्तर देऊ शकेल इतकं मोठं, जन्मापासून दृष्टिहीन आणि तरीही डोळे बरे होऊ शकतील, अशी मुलं जिथे उपचार वेळेवर पोचत नाहीत तिथेच सापडतात. म्हणून या कोड्याचं उत्तर दिल्लीत मिळालं, आणि त्याच्या मुळाशी एक दुःखद वास्तव आहे.

३. पवन सिन्हा यांचं काम

पवन सिन्हा दिल्लीच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकले आणि पुढच्या शिक्षणासाठी एमआयटीत गेले. आज ते तिथेच मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक आहेत. माणूस कसा पाहतो आणि यंत्राला कसं पाहता येईल, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र हाताळले. भारतभेटीत त्यांच्या नजरेला अशी मुलं पडली, ज्यांची दृष्टी साध्या शस्त्रक्रियेने परत आली असती, पण तिथवर त्यांना कोणी नेलं नव्हतं. यातून 'प्रोजेक्ट प्रकाश' उभा राहिला. उत्तर भारतातल्या खेड्यांत आणि अंधशाळांत मुलांचे डोळे तपासायचे, ज्यांचा उपचार शक्य आहे त्यांना दिल्लीत दरियागंजच्या श्रॉफ रुग्णालयात आणायचं आणि त्यांच्यावर मोफत शस्त्रक्रिया करायची. त्यानंतर मुलाची आणि घरच्यांची तयारी असेल, तर ते मूल कसं पाहायला शिकतं हे अभ्यासायचं.

यातल्या बहुतेक मुलांना जन्मजात मोतीबिंदू असतो. मोतीबिंदू म्हटलं की आपल्यापुढे आजी-आजोबा येतात, पण काही बाळं डोळ्यातलं भिंग गढूळ झालेल्या अवस्थेतच जन्माला येतात. त्यामागे कधी आनुवंशिकता असते, तर कधी आईला गरोदरपणात झालेला रुबेलाचा संसर्ग. या मुलांना दिवस आणि रात्र कळते, तोंडासमोर हललेला हात अंधूक जाणवतो. आकार मात्र दिसत नाहीत.

२०११ साली सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉलिन्यूच्या कोड्याचं उत्तर प्रसिद्ध केलं. ८ ते १७ वर्षं वयाची पाच मुलं. शस्त्रक्रियेला दोन दिवस होण्याच्या आत त्यांच्यापुढे लहान मुलांच्या जोडणीच्या खेळातल्या ठोकळ्यांसारखे आकार ठेवण्यात आले. चाचण्या तीन होत्या. पहिलीत एक आकार चाचपायचा आणि मग दोन आकार चाचपून त्यातला आधीचा ओळखायचा. दुसरीत पाहिलेला आकार पाहूनच ओळखायचा. तिसरी चाचणी म्हणजे मॉलिन्यूचं कोडं : आकार हाताने चाचपायचा आणि डोळ्यांनी ओळखायचा.

स्पर्शाच्या चाचणीत सरासरी ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. पाहण्याच्या चाचणीत ९२ टक्के, म्हणजे दोन आकारांतला फरक मुलांना नीट दिसत होता. तिसऱ्या चाचणीत मात्र प्रमाण ५८ टक्क्यांवर घसरलं. दोनांतलं एक निवडताना डोळे मिटून उत्तर दिलं तरी निम्मी बरोबर येतात, तेव्हा ५८ म्हणजे जवळपास अंदाजच. क्षणभरापूर्वी बोटांनी नीट ओळखलेली वस्तू डोळ्यांसमोर होती, तरी डोळ्यांना ती परकीच होती.

लॉक आणि मॉलिन्यू यांचा होरा खरा ठरला. पण यापुढचा निष्कर्ष अधिक आश्चर्याचा होता. काही मुलांची हीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा त्यांच्यात मोठी सुधारणा दिसली. एका मुलाला त्यासाठी पाच दिवस पुरले आणि त्याला मधल्या काळात कोणी शिकवणी दिली नव्हती. ते मूल वस्तू हातात घेत होतं, हातातल्या वस्तूकडे पाहत होतं, एवढंच. डोळे आणि हात यांची सांगड जन्मतः बांधलेली नसते, पण ती बांधायची तयारी मेंदूत असते आणि ती तयारी वर्षानुवर्षं टिकते.

४. गाय कुठे संपते?

सांगड जमली तरी खरी अडचण पुढेच असते. उन्हात, झाडाखाली उभी असलेली एक काळी-पांढरी गाय डोळ्यांसमोर आणा. अंगावर काळे डाग आहेत, त्यांवर पानांच्या सावल्यांची नक्षी आहे, पायांपुढे कुंपणाचा खांब आला आहे. तरी आपल्याला एकच गाय दिसते. नव्याने पाहू लागलेल्या माणसाला मात्र तिथे रंगांचे पंधरा-वीस तुकडे दिसतात.

सिन्हा यांच्या गटाने अभ्यासलेल्या एका २९ वर्षांच्या तरुणाच्या डोळ्यांत जन्मापासून भिंगच नव्हतं. योग्य नंबरचा चष्मा मिळाला आणि त्याला प्रथमच आकार दिसू लागले. कागदावर वेगवेगळे काढलेले वर्तुळ आणि चौकोन तो अचूक दाखवी. ते एकमेकांवर चढवून काढले, की त्याचा गोंधळ उडे. रेषांनी बंदिस्त झालेला प्रत्येक तुकडा त्याला वेगळी वस्तू वाटे. फोटोतसुद्धा उजेडाच्या आणि रंगाच्या प्रत्येक पट्ट्याला तो निराळी वस्तू समजे.

संगणकाचे जुने प्रोग्रॅमही चित्राचे अगदी असेच तुकडे पाडत. उजेड जिथे बदलतो तिथे रेघ मारायची हे त्यांना जमे. कुठली रेघ वस्तूची कड आणि कुठली नुसती सावली, हे त्यांना उमगत नसे.

या गुंत्यातून वाट काढली ती हालचालीने. तेच आकार पडद्यावर सरकू लागले, की त्या तरुणाला ते अखंड दिसत. कारण सोपं आहे. गाय चालू लागली, की तिचे सगळे डाग एकाच दिशेने, एकाच वेगाने सरकतात. खांब जागच्या जागी राहतो. झाडाची सावलीही जागीच राहते. जे एकत्र हलतं ते एका वस्तूचं, या एकाच नियमाने पसाऱ्यातून वस्तू सुटी होते. अशा नव्याने पाहू लागलेल्या रुग्णांना फोटोतही आधी ओळखू आल्या त्या प्राणी आणि वाहनं अशा, एरवी हलताना दिसणाऱ्या वस्तू. साधारण दीड वर्षाने त्या तरुणाला स्थिर चित्रातल्या वस्तूही बऱ्याच प्रमाणात वेगळ्या करता येऊ लागल्या. हालचाल हीच त्याची पहिली शिक्षक होती.

तान्ह्या बाळापुढे आपण खुळखुळा हलवतो तेव्हा त्याची नजर त्यामागे फिरते. त्या खेळात बाळाचं मोठं शिक्षण चाललेलं असतं.

५. काय शिकावं लागत नाही, आणि काय हातचं जातं

मग पाहणं पूर्णपणे शिकण्यावरच अवलंबून आहे का? तसंही नाही. रेल्वेचे रूळ दूर जाताना जवळ येत गेलेले दिसतात. अशा दोन तिरप्या रेघांमध्ये सारख्याच लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या, तर वरची रेघ आपल्याला मोठी वाटते. पूर्वी मानत की हा भ्रम रस्ते, रूळ आणि इमारती पाहून-पाहून जडलेल्या सवयीतून होतो. २०१५ साली सिन्हा यांच्या गटाने ८ ते १६ वर्षांच्या नऊ मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच हे चित्र दाखवलं. ज्यांनी आयुष्यात रूळ पाहिलेच नव्हते, त्यांनाही वरची रेघ मोठी वाटली. म्हणजे मेंदूच्या काही रीती पाहण्याच्या अनुभवावर अवलंबून नसतात.

उलट, काही गोष्टी उशीर झाल्यावर पुरत्या परत मिळत नाहीत. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे मिटलेला ठेवून पाहिलं. पुढे तो उघडला तरी मेंदू त्याची दखल घेईना. जन्मानंतरच्या नाजूक काळात डोळ्यांना अनुभव मिळाला नाही तर कायमचं नुकसान होतं, हे यातून दिसलं आणि १९८१ साली दोघांना नोबेल पुरस्कार मिळाला. पण याच शोधामुळे एक समजूतही घट्ट झाली : मूल सात-आठ वर्षांचं झालं, की शस्त्रक्रिया व्यर्थ. 'प्रकाश'च्या मुलांनी ती खोटी ठरवली. त्यांची नजर आपल्याइतकी बारीक होत नाही, पण चालणं, वस्तू शोधणं, माणसांत वावरणं यासाठी उपयोगी पडेल इतकी दृष्टी त्यांना मिळते.

६. चेहऱ्याचे तीन आकडे

माणसाला थोडक्यातून किती कळतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे चेहरा. सिन्हा यांच्या गटाने दाखवून दिलं, की ओळखीच्या माणसाचा फोटो आडव्या ओळीत सात आणि उभ्या ओळीत दहा चौकटी इतका भरड केला, तरी बऱ्याचदा तो ओळखता येतो. दुसऱ्या एका प्रयोगात प्रसिद्ध माणसांच्या फोटोंतून कधी डोळे पुसले, कधी भुवया. डोळे गेल्यापेक्षा भुवया गेल्यावर ओळखणं जास्त अवघड गेलं.

हे कसं घडतं? समजा, सकाळच्या उजेडात एका चेहऱ्याचे आकडे असे आहेत : कपाळ १८०, डोळे ९०, गाल १७०. संध्याकाळी उजेड निम्मा झाला, आता कपाळ ९०, डोळे ४५, गाल ८५. एकही आकडा पहिल्यासारखा उरला नाही. सकाळचे आकडे पाठ केलेलं यंत्र संध्याकाळी त्याच चेहऱ्यापुढे हतबल होईल. पण 'डोळ्यांची जागा कपाळापेक्षा आणि गालांपेक्षा काळी' हे नातं दोन्ही वेळी तसंच राहिलं. सिन्हा यांनी यंत्राला चेहरा शोधायला शिकवताना अशीच नाती वापरली. मोजमाप बदलतं, नातं टिकतं. २०१२ साली माकडांच्या मेंदूतल्या, चेहरे पाहून जाग्या होणाऱ्या पेशी तपासल्या, तेव्हा त्यातल्या अनेक पेशी अशाच उजेड-अंधाराच्या नात्यांना दाद देताना आढळल्या. यंत्रासाठी सुचलेली कल्पना जिवंत मेंदूतही सापडली.

७. धूसर सुरुवातीचा लाभ

आता या प्रकरणातला सर्वांत विलक्षण शोध. नवजात बाळाला फार अंधूक दिसतं. रंगही पहिल्या काही आठवड्यांत फिके कळतात, कारण रंग टिपणाऱ्या पेशी पुऱ्या तयार झालेल्या नसतात. आपण याला उणीव समजत आलो. सिन्हा यांच्या गटाने उलटा प्रश्न केला : ही उणीवच कामाची असेल तर?

'प्रकाश'च्या मुलांना काही महिन्यांत चेहरा आणि इतर वस्तू यांतला फरक कळू लागतो, पण हा चेहरा कोणाचा, हे ओळखताना ती अडखळतात. कॅनडात डॅफ्नी मॉरर यांच्या गटाला असंच आढळलं होतं. ज्यांचा मोतीबिंदू अगदी तान्हेपणी काढला, त्यांनाही मोठेपणी चेहऱ्यातली अंतरं आणि मांडणी ओळखणं जड जातं. एक शक्यता अशी, की या मुलांची धूसर सुरुवात हुकते. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांचे डोळे नवजात बाळापेक्षा पुष्कळ तयार असतात, त्यामुळे त्यांची सुरुवातच तुलनेने स्पष्ट चित्रांपासून होते.

यंत्रावर हे तपासता येतं. आजचे पाहणारे संगणक लाखो फोटोंच्या सरावातून शिकतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा यंत्राला चेहरे शिकवले. एकदा फक्त स्पष्ट फोटो दिले, एकदा आधी धूसर आणि मग स्पष्ट. स्पष्ट फोटोंवरच वाढलेलं यंत्र अंधूक फोटो आला की गडबडे. धूसरपासून सुरुवात केलेलं यंत्र दोन्ही प्रकारचे फोटो ओळखी.

नव्या शहरात आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी गल्लीबोळांची यादी हातात दिली, तर तो एकाच गल्लीतल्या पानटपरीची खूण धरून बसेल, आणि टपरी हलली की हरवेल. आधी नदी, स्टेशन आणि मोठा रस्ता कळला, तर गल्ल्या आपापल्या जागी बसत जातात. धूसर चित्रात बारकावे नसतातच, म्हणून शिकणाऱ्याला मोठ्या भागांची नाती धरावी लागतात. मग आलेले बारकावे त्या चौकटीत बसतात.

२०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात रंगांबद्दलचा अभ्यास आला. मारिन आणि लुकास फोगेलझांग हे त्याचे मुख्य संशोधक, आणि सिन्हाही त्यांच्यासोबत होते. दृष्टी मिळालेल्या मुलांना रंगीत फोटोतल्या वस्तू चांगल्या ओळखता येत. तेच फोटो कृष्णधवल केले, की त्यांची ओळख बरीच घसरे. जन्मापासून डोळस असलेल्या मुलांवर त्याचा फारसा परिणाम होत नसे. यंत्रातही तेच दिसलं. आधी कृष्णधवल आणि नंतर रंगीत चित्रांवर शिकलेलं यंत्र रंग बदलले तरी टिकून राही. पहिल्यापासून रंगांत वाढलेलं यंत्र रंगांवरच विसंबे. बाळाची अंधूक, फिकी नजर ही निसर्गाने आखलेली अभ्यासक्रमाची पहिली इयत्ता असावी, असं या साऱ्यातून सूचित होतं. यंत्राच्या प्रयोगाने मेंदूबद्दलची गोष्ट पूर्ण सिद्ध होत नाही, पण मुलांवरचे आणि यंत्रावरचे निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा त्या शक्यतेला वजन येतं.

८. घरातल्यांनी काय करायचं

हे ज्ञान प्रयोगशाळेपुरतं ठेवून चालणार नाही. बाळाच्या डोळ्यातल्या काळ्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक डोळा पांढरा चमकला, डोळे सतत थरथरत राहिले किंवा तिसरा महिना उलटला तरी बाळ आईच्या चेहऱ्यावर नजर लावत नसेल, तर थांबू नये. ती मोतीबिंदूची खूण असू शकते, कधी डोळ्यातल्या गाठीचीही. 'मोठं झाल्यावर दाखवू' म्हणून काढलेला एकेक आठवडा महाग पडतो. दाट जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत झाली तर लाभ सर्वाधिक. पुढे चष्मा आणि नियमित तपासणीही तितकीच आवश्यक आहे.

काही मोतीबिंदू मुळातच टाळता येतात. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मिळते. २०१८च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या शाळांमधून या लसीची मोठी मोहीमही झाली. मुलीला आज टोचलेली ही सुई उद्या तिच्या बाळाचे डोळे वाचवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात. त्यांच्या तपासणीच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे. आपलं मूल त्या दिवशी घरी राहू नये, एवढी काळजी प्रत्येक पालकाने घ्यावी.

आणि ज्यांचे ते आठवडे केव्हाच निघून गेले आहेत, त्या आठ, बारा, सोळा वर्षांच्या मुलांचं काय? त्यांच्या आईवडिलांना 'आता उपयोग नाही' असं सांगून परत पाठवायला विज्ञानाचा आधार उरलेला नाही. अशा मुलाला शस्त्रक्रिया हवी, नंतर सरावासाठी वेळ हवा, हालणाऱ्या वस्तूंचे खेळ हवेत आणि चुकांसकट समजून घेणारी शाळा हवी. पट्टी सुटल्यावर ते आईला चेहऱ्यावरून ओळखणार नाही. ओळखायला ते हळूहळू शिकेल, आणि शिकण्याची ती संधी मिळणं हा त्याचा हक्क आहे.